लिफ्टपाशी सांगितलेला आकडा

पडद्यावर तो आकडा आला तेव्हा तो आपला आहे हे तिला लगेच कळलंच नाही. आपलाच कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा आणि क्षणभर ओळखू येऊ नये, तसं झालं. निळ्या पट्टीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : एका वेळी आठशे कॉल, विनाअडथळा. त्याखाली बारीक अक्षरांत : तांत्रिक विभागाने प्रमाणित. तांत्रिक विभाग म्हणजे ती. तिच्या हाताखालची चार माणसं आणि ती. त्या चौघांना तर या आकड्याचा पत्ताच नव्हता. आणि मग तिला लिफ्ट आठवली. आठवड्यापूर्वी, एका हातात चहाचा कागदी पेला, काखेत लॅपटॉप, लिफ्टचं दार पायानं अडवून धरलेला तिचा साहेब, कॅप्टन. 'एकदम किती कॉल आले तरी आपलं टिकेल गं? अंदाजे सांग.' चहा सांडत होता म्हणून तिचं लक्ष पेल्याकडे होतं. 'असतील सातआठशे,' ती म्हणाली होती. दार मिटलं होतं. तिथपासून या पडद्यापर्यंतच्या वाटेत सात गळून पडले होते, 'असतील' गळून पडलं होतं, आणि उरलेला आठशे इस्त्री करून, टाय लावून, पाहुण्यांसमोर उभा होता.

पाहुणे म्हणजे शहराच्या रुग्णवाहिका विभागाची माणसं. कुणी फोन केला, कुणी मोबाइलवरचं बटण दाबलं, की ती हाक पकडायची, जवळची गाडी शोधायची आणि कंट्रोल रूममधल्या माणसापुढे दोन्ही मांडायचं, एवढं काम तिच्या प्रोग्रामनं करायचं होतं. विभागाच्या प्रमुखबाई टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. आखूड कापलेले करडे केस, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. कधीकाळी फोन उचलणारी म्हणून लागल्या होत्या, आता सगळी कंट्रोल रूम त्यांच्या हाताखाली होती. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारलं, "आठशे म्हणजे नक्की ना?"

कॅप्टननं हसून तिच्याकडे हात केला. "आमच्या मॅडमचा आकडा आहे. यांचा अंदाज आजवर चुकलेला नाही."

"अंदाज?" प्रमुखबाई म्हणाल्या.

"अनुभव म्हणा," कॅप्टन म्हणाला. सगळे हसले.

आणि तीही हसली. तिचा राग नंतर जो पेटला त्याच्या मुळाशी हे होतं. आकडा चोरीला गेला हे एक वेळ ठीक होतं, पण चोराबरोबर तिचा स्वतःचा चेहरा हसला होता. बाथरूममध्ये जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं, आरशात पाहिलं, तर तो हसरेपणा गालांच्या कडांना अजून चिकटलेला होता, टेबलावर सांडलेल्या सरबतासारखा. तिनं कागदानं तोंड खसाखसा पुसलं. बेचाळीस वर्षांची बाई, वीसएक वर्षं याच कामात घालवलेली, आणि भरसभेत तोंडातून एक शब्द फुटू नये. 'थांबा, हा मोजलेला नाही.' किती शब्द आहेत? एवढेसे तर शब्द.

कॅप्टन हे त्याचं नाव नव्हे. 'आपण सगळे एकाच जहाजावर आहोत' हे वाक्य तो दर बैठकीत बोलायचा, म्हणून कुणीतरी ते नाव पाडलं आणि त्यालाही ते आवडलं. तो आणि ती एकाच वर्षी, एकाच खोलीत शेजारी शेजारी कामाला लागले होते. तो वर गेला, ती खोल गेली, असं ती पूर्वी गमतीनं म्हणायची. आता तिला त्यात गंमत वाटेना. ती त्याच्या केबिनमध्ये शिरली तेव्हा तो टाय सैल करत होता, एखादं लग्न पार पडल्यासारखा.

"मला चार दिवस दे," ती म्हणाली. "खोटे कॉल तयार करते, लाटेसारखे सोडते, आणि बघते कुठे मोडतंय ते."

"मोडायचं कशाला पण?"

"अरे, मोडल्याशिवाय कळणार कसं, किती पेलतंय ते?"

"तूच सांगितलंस की आठशे."

"मी लिफ्टपाशी सांगितलं. हातात चहा घेऊन."

"बस जरा," तो म्हणाला. ती बसली नाही. "हे बघ, तुझ्या अंदाजावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. हे कौतुक आहे, आणि तू भांडायला आलीस. आणि खरं सांगू? मोजल्यावर वर गेलेला आकडा मी अजून पाहिलेला नाही. मोजलं की खालीच येतो. मग तो त्यांना सांगावा लागतो. मग ते वेळ मागतात, आपण वेळ मागतो, आणि सगळ्यांचीच वाट लागते. कशाला हवंय?"

ती केबिनमधून बाहेर पडली. बाहेर मोठ्या दालनात सगळ्यांचे संगणक चालू होते आणि प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो हिरवा ठिपका होता. कॅप्टननंच तो आणला होता. कोण किती वेळ जागेवर, कुणाची बोटं किती चालली, कोण किती वेळा उठला, सगळं तो ठिपका मोजायचा, आणि सोमवारी ज्याचा त्याला रंग कळायचा. हिरवा, पिवळा, लाल. मागच्या हिवाळ्यात तिच्या चौघांतला एक शांत, विचार करून मग टाइप करणारा माणूस सारखा पिवळा येत राहिला आणि एके दिवशी त्याची खुर्ची रिकामी झाली. त्याच्या जागी आलेल्याची बोटं सतत चालत असत, तो काय टाइप करतो हा भाग वेगळा. म्हणजे इथे मोजायचं वावडं होतं असं नव्हतं. माणसं बोटागणिक मोजली जात होती. ज्याच्यावर लोकांचे जीव टांगायचे ते तेवढं नजरेनं चालत होतं. हे तिला पूर्वी दिसत नव्हतं असं नाही. पण दिसणं आणि अंगाला झोंबणं यात फरक असतो. त्या संध्याकाळी तो ठिपका तिला एखाद्या डोळ्यासारखा झोंबला. ती उठली, आणि पिवळी होत चालत घरी निघाली.

रस्ता नेहमीसारखाच अर्धा खणलेला होता. पाइपांच्या ढिगाऱ्यामागे तयार कपड्यांचं दुकान होतं आणि काचेत बिनडोक्याचे पुतळे उभे होते, सगळे एकाच मापाचे. ती तिथे थांबली. तिचे वडील, अप्पा, त्या पुतळ्यांना शिव्या द्यायचे. अप्पा शिंपी होते, आणि साधेसुधे नव्हेत. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आलं की ते त्याला आपादमस्तक पाहायचे, मान किंचित कलती करायचे आणि कात्री उचलायचे. टेप गळ्यात असायची, पण ती पुरोहिताच्या गळ्यातल्या माळेसारखी, नुसती शोभेला. 'टेप नवशिक्यांना,' ते म्हणायचे. लोक लांबून यायचे तो चमत्कार पाहायला. बहुतेक वेळा कोट अंगावर असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलायचा नाही. बहुतेक वेळा. जे कोट बसले नाहीत त्यांची माणसं परत आली नाहीत, आणि जी परत आली नाहीत ती अप्पांच्या हिशेबात कधी धरलीच गेली नाहीत. हे तिला आज, पुतळ्यांसमोर, पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. असला अंदाज चुकणार कसा? चुकलेला माणूस सांगायला येतोच कुठे?

एकच गिऱ्हाईक असं होतं की ज्याला जायला दुसरं दुकान नव्हतं : ती स्वतः. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सुट्टीनंतर शाळेचा नवा शर्ट आला, अप्पांनी रात्रीतून शिवलेला, कॉलर अशी की वाऱ्यालाही मोडू नये. आणि छातीवर बटणं ताणली जात होती. दोन बटणांच्या मध्ये कापड डोळ्यासारखं उघडायचं. ती म्हणाली, "अप्पा, घट्ट होतोय." अप्पांनी वर पाहिलं, मान किंचित कलती केली. "होत नाही," ते म्हणाले. "मी शिवलाय." संपलं. वर्षभर ती दप्तर पाठीला लावण्याऐवजी छातीशी धरून शाळेत गेली. मागच्या बाकावरच्या मुलींनी तिचं नाव 'पार्सल' पाडलं. आईनं हळूच एकदा शिलाई उसवून द्यायचा प्रयत्न केला, तर घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. कापडाला कापड जोडणाऱ्या माणसाला आपल्या पोरीचं अंग बदललंय हे टेप लावून पाहायची लाज वाटत होती, की गरजच वाटत नव्हती, हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. लाज असती तर तिनं माफ केलं असतं. पण ती लाज नव्हती बहुतेक. मी पाहिलंय म्हणजे ते तसंच आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि कॅप्टननं आज तिला भरसभेत तोच शर्ट घातला होता, फक्त या वेळी तो शिवलाही तिनंच होता.

घरी अप्पा खिडकीपाशी खुर्चीत होते. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशी चपला घालून दाराशीच तयार होत्या. "आज जेवले नीट," त्या म्हणाल्या, "पण डाव्या हाताचा व्यायाम नको म्हणाले. मला म्हणतात, तुला काय कळतंय." मावशी गेल्या. अप्पांचा डावा हात मांडीवर कुणी ठेवून विसरून गेल्यासारखा पडलेला होता. अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी किती वर्षं ती त्यांच्या मागे लागली होती, एकदा रक्तदाब बघून घ्या म्हणून. तिनं घरात यंत्र आणून ठेवलं होतं. 'मला कळतं माझं अंग,' ते म्हणायचे. यंत्र खोक्यातच राहिलं. मग एका सकाळी ते चहाचा कप धरता धरता कलंडले, आणि तिनं फोन लावला, तो वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग एका बाईचा आवाज आला. 'श्वास चालू आहे का त्यांचा?' 'असेल,' ती म्हणाली होती. 'चालू असेल.' 'असेल नको. छातीवर हात ठेवा आणि बघून सांगा. मी थांबलेय.' त्या आवाजाची तिला तेव्हा भयंकर चीड आली होती. बाप जमिनीवर पडलाय आणि ही मला शिकवतेय. पण तिनं हात ठेवला होता. हात ठेवल्यावर कळलं होतं.

"आज लवकर," अप्पा म्हणाले. त्यांचे शब्द आता कडांना विरलेले असत, ते ऐकायची सवय करून घ्यावी लागे.

"हो."

"भांडलीस."

"नाही."

"भांडलीस," ते म्हणाले आणि मान किंचित कलती केली. तिला ती मान धरून सरळ करावीशी वाटली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं भांडं इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या घरातलं बोलणं क्षणभर थांबलं.

सुट्टीच्या दिवशी ती ऑफिसात गेली. दालन रिकामं होतं, ऊन टेबलांवर आडवं पडलेलं होतं, आणि पहाऱ्यावरचा माणूस तिला पाहून म्हणाला, "मॅडम, आज कुणी नाही हं." "म्हणूनच आले," ती म्हणाली. तिनं चाचणीची दोन यंत्रं मोकळी केली, खोटे कॉल करणारा छोटा प्रोग्राम घरीच लिहून आणला होता तो जोडला. प्रत्येक खोट्या कॉलला एक क्रमांक आणि एक पत्ता. कुठेही नसलेल्या घरांत, कुठेही नसलेली माणसं एकामागून एक कलंडू लागली. शंभरापर्यंत काही झालं नाही. दोनशे, तीनशे. पडदा शांत, यादी नीट सरकतेय. चारशेच्या थोडं पुढे गेल्यावर तिला वाटलं, आता मंद होईल, आता कण्हेल. पण ते कण्हलंच नाही. सगळं पहिल्यापेक्षा छान चाललेलं दिसत होतं. तिला आनंद व्हायला लागला होता, आणि तो आनंदही तिला आवडत नव्हता, कारण त्यात कॅप्टन बरोबर ठरत होता. केवळ सवयीनं तिनं दोन्ही बाजूंचे क्रमांक ताडून पाहिले. आत सोडलेले आणि यादीत पोचलेले. ते जुळत नव्हते.

तिनं पुन्हा पाहिलं. मग पुन्हा सोडलं. मग कळलं. आत येणाऱ्या कॉलची रांग धरणारा प्रोग्रामचा जो तुकडा होता तो त्यांनी लिहिलेला नव्हता, जगभर सगळे वापरतात तसा तयार आणून बसवलेला होता, आणि त्याच्या ठरलेल्या वागण्याप्रमाणे रांग भरली की तो सगळ्यात जुना कॉल उचलून बाहेर टाकायचा. ओरडायचा नाही, लाल दिवा लावायचा नाही, कुठे नोंद ठेवायचा नाही. नव्याला जागा करून द्यायचा, इतकंच. सगळ्यात जुना, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ वाट पाहत असलेला. तिकडे फोन कानाला लावून बसलेल्याला वाटणार, हाक गेली आहे. इकडे पडद्यावर कुणीच नाही. म्हणून तर पडदा इतका छान दिसत होता. जे परत येत नाहीत ते हिशेबात नाहीत.

तिच्या सगळ्या अंगभर राग पेटला. सुरुवातीला कॅप्टनवर, मग तो तयार तुकडा लिहिणाऱ्या जगाच्या पाठीवरच्या कुठल्याशा माणसावर, मग त्या चौघांवर, आणि शेवटी जिथे जायचाच होता तिथे, स्वतःवर. ती या प्रोग्रामकडे दोन वर्षं पाहत होती. आपल्याला तो कळतो असं तिला वाटत होतं. त्याचं अंग तिला कळत होतं. मान किंचित कलती करून सातआठशे म्हणणारी ती कोण होती? खुर्चीवर मागे रेलून तिनं डोळे मिटले, तर पापण्यांच्या आत अप्पांची कात्री कापडावरून सरसर जात होती.

सोमवारी कॅप्टननं सगळं ऐकून घेतलं. त्याला ऐकता यायचं, हे मान्य करायला हवं.

"कुठल्या यंत्रावर मोजलंस?"

"चाचणीच्या."

"त्यांच्याकडची यंत्रं याच्या दुप्पट ताकदीची आहेत."

"माहितीये."

"मग दुप्पट आकडा होईल. चारशेचे आठशे. बघ, तुझा अंदाज बरोबरच आहे."

"दुप्पट यंत्रावर दुप्पट चालेलच असं नसतं, आणि तुला ते माहितीये."

"पण कमी चालेल हेही तुला माहीत नाही. म्हणजे तूही अंदाजच करतेयस की. फक्त खालच्या बाजूनं." तो पुढे झुकला. त्याचा आवाज मऊ झाला. "तू म्हणतेस तर सहाशे लिहू. चालेल?"

तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच तिच्या कानशिलांपाशी काहीतरी तडतडायला लागलं. लहान यंत्रावर मोजून मोठ्या यंत्राबद्दल बोलणं हा अंदाजच होता. पण तो सहाशे कुठून आला? चारशे आणि आठशेच्या मधे रस्त्यावर उभा होता म्हणून उचलला. भाजीच्या टोपलीशी उकिडवं बसून करावी तशी तो आकड्याची घासाघीस करत होता, आणि तिनं हो म्हटलं असतं तर तोच सहाशे उद्या टाय लावून उभा राहिला असता.

"आकड्याचं सोड," ती म्हणाली. "माणूस गायब होतोय आणि पडद्यावर कळत नाही. आकडा कितीही असो."

"ते दुरुस्त करू ना. पुढच्या फेरीत."

"चालू कधी करणार?"

"या महिनाअखेर."

"म्हणजे मधल्या काळात जे..."

"मधल्या काळात एकदम इतके कॉल येतच नाहीत गं."

"हे कुणी मोजलं?"

टेबलावरचं पेन त्यानं सरळ केलं. मग म्हणाला, "तू दमलीयस. अप्पांचंही तुझ्याच डोक्यावर आहे. थोडी सुट्टी घे."

अप्पांचं नाव त्यानं काढायला नको होतं. ती जिन्यात गेली, लिफ्टपाशी नाही, आणि तिथूनच तिनं प्रमुखबाईंना फोन लावला. पाच वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त खोलीतला गलका ऐकू येत होता.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?" प्रमुखबाई म्हणाल्या.

"तेव्हा माहीत नव्हतं."

"आठशेही माहीत नव्हतं ना? ते बरं चाललं." तिनं फोन दुसऱ्या कानाला घेतला. "तुमचे आभार मानू की तक्रार करू, तेच कळत नाहीये मला. साहेबांना सांगून बोलताय का तुम्ही?"

"नाही."

"म्हणजे मला त्यात ओढताय." पुन्हा गलका. "मागे ते मोठं गोदाम पेटलं होतं, तेव्हा एकदम किती फोन आले, हे आम्हालाही माहीत नाही. मोजायला हात मोकळा कुणाचा होता? गुरुवारी दुपारी या. जुनी व्यवस्था चालू ठेवून तुमची बाजूला लावते. आणि तुमच्या साहेबांनाही मीच बोलावते. माझ्या पाठीमागे काही नको."

कंट्रोल रूम तिनं कल्पिली होती त्यापेक्षा लहान होती. खाली छत, निळसर उजेड, गालिचाला कॉफीचा जुना वास. एका बाजूच्या ओळीत माणसं खरे फोन घेत होती, पुटपुटल्यासारखं बोलत. दुसऱ्या बाजूला सहाजण तिच्या प्रोग्रामसमोर बसवलेले. कॅप्टन भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी, तिच्याकडे न पाहता. तिनं खोटे कॉल सोडायला सुरुवात केली. पाचशे. सहाशे. खोटी माणसं, खोटे पत्ते, पण ते सहाजण सवयीनं प्रत्येकाकडे गाडी पाठवत होते, बोटं भराभर चालत होती. सातशे. इथली यंत्रं खरंच ताकदीची होती. आठशे ओलांडले. सगळं सुरळीत. कॅप्टननं हाताची घडी सोडली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता, साधा आनंद होता, आणि तो तिला थोबाडीत मारल्यासारखा लागला. मग अजून थोडे, साडेआठशेच्या आसपास, आणि कडेला बसलेली एक तरुण बाई म्हणाली, "अहो, माझा होता तो कुठे गेला?"

"कोण?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"वरती एक होता. छातीत दुखणारा. मी त्यालाच घेणार होते." तिनं पडद्यावर बोट ठेवलं, जिथे आता दुसराच पत्ता होता. "माझाही," शेजारचा म्हणाला. यादीचा वरचा काठ झिजत होता. सहा माणसं हात थांबवून ते पाहत बसली होती, आणि पडदा नितळ, टापटीप, कुठेही काही चुकल्याची खूण नसलेला. खोटीच माणसं ती. पण त्या तरुण बाईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तळवे मांडीवर पुसले.

"हे कुणाला माहीत होतं?" त्या बाईनं विचारलं. प्रश्न कुणा एकाला नव्हता.

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "कुणी बघितलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं."

परतताना कॅप्टननं तिला गाडीत घेतलं. मग सिग्नलपाशी म्हणाला, "पण मान. आठशे बरोबर निघाला." ती खिडकीबाहेर पाहत होती. बरोबर निघाला होता. साडेआठशेपर्यंत टिकत होतं, तिची नजर इंचभरही चुकली नव्हती, आणि आयुष्यात इतकं अपमानित तिला कधी वाटलं नव्हतं. नजर चुकली असती तर निदान ती फेकून देता आली असती. आता ती तशीच राहणार होती, डोळ्यांच्या मागे, बरोबर येत, लोकांकडून वाखाणली जात, आणि जे तिच्या कडेबाहेर पडतं त्याकडे कधीच न बघता.

"इथे थांबव," ती म्हणाली.

"अजून लांब आहे."

"थांबव."

नंतर जे झालं ते फारसं आरडाओरड्याचं नव्हतं. महिनाअखेरचा मुहूर्त टळला. प्रमुखबाईंनी लेखी कळवलं की रांग भरली तर पडद्यानं ओरडलं पाहिजे आणि एकही कॉल टाकला जाता कामा नये, हे त्यांच्या समोर मोजून दाखवल्याशिवाय काही सुरू होणार नाही. ते काम तिच्या त्या चौघांनी केलं. ती आता त्यांची प्रमुख राहिली नव्हती. तिला नवा प्रकल्प दिला होता, नव्या प्रकल्पात एकच माणूस होता, आणि तो माणूस तीच होती. पहिल्याच बैठकीत कॅप्टननं सगळ्यांसमोर विचारलं, "याला किती वेळ लागेल? अंदाजे." आकडा तिच्या जिभेवर तयार होता. तो नेहमीच तयार असायचा.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

कुणीतरी खुर्चीत हललं. "साधारण तरी?"

"दोन आठवडे काम करून बघते, मग सांगते. आत्ता माहीत नाही."

"इतकी वर्षं काम करून?" तो हसत म्हणाला. बाकीचेही हसले. या वेळी ती हसली नाही, आणि न हसायला किती जोर लागतो हे तिला जबड्यात कळलं. सोमवारी तिचा ठिपका लाल आला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मावशी गेल्या होत्या आणि व्यायाम शिकवायला येणारा माणूसही येऊन गेला होता. अप्पा खुर्चीत नव्हते, पलंगाच्या कडेवर बसले होते, पाय खाली सोडून. खोलीत दिवा लावलेला नव्हता. ती दिवा लावायला गेली तर ते म्हणाले, "राहू दे." खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं.

"मी परत चालणार का?" अप्पांनी विचारलं.

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. शब्द विरलेले होते म्हणून नव्हे. तिच्या आठवणीत या माणसानं कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. किती वाजले हेसुद्धा नाही. तो सांगायचा. आणि आता अंधारात त्याचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता, मान सरळ, आणि तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. तीनचार महिन्यांत, अप्पा. काठी घेऊन. बघाच तुम्ही. डॉक्टर, व्यायामवाला, मावशी, सगळे हेच म्हणत होते, आणि म्हणताना सगळ्यांचा आवाज सारखाच गोड व्हायचा. त्या गोडपणाची तिला एकदम शिसारी आली. होत नाही घट्ट, मी शिवलाय. तेच होतं ते, फक्त प्रेमळ आवाजात. तिला वाटलं, आता सांगून टाकावं सगळं, शर्टाचं, दप्तराचं, 'पार्सल'चं, त्या खोक्यात पडून राहिलेल्या यंत्राचं. बाप समोर होता, हलू शकत नव्हता, ऐकावंच लागलं असतं त्याला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

तो आवाज गोड नव्हता. मुद्दाम कडवटही केलेला नव्हता. अप्पांनी तो बराच वेळ ऐकला, बोलणं संपल्यानंतरही. मग उजव्या हातानं त्यांनी पलंगाची चादर मुठीत धरली आणि पिळली, जितकी पिळता आली तितकी.

"कुणालाच नाही?" ते म्हणाले.

"कुणालाच नाही."

"मग सगळे सांगतात कशाला मेले?"

"मलाही त्याचाच राग येतो," ती म्हणाली.

अप्पांचा श्वास मोठा झाला होता, नाकातून, बैलासारखा, आणि तिलाही जाणवलं की आपला तसाच चाललाय. कुणी कुणाला शांत केलं नाही. थोड्या वेळानं अप्पा पलंगावर जरासे सरकले, एका हातावर भार देत, वेडंवाकडं, आणि कडेला जागा झाली. ती तिथे जाऊन बसली.